मुलकी दाखला

२०१४ च्या ऑगस्टमधील एका संध्याकाळी आमचे शेजारी मास्टारू वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन माझ्याकडे आले. तेलंगणा राज्य जन्माला येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. नव्या सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना फीची मदत देणारी एक योजना जाहीर केली होती आणि तिच्यासाठी अट अशी होती की विद्यार्थ्याचे कुटुंब १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीपासून तेलंगणात राहत असले पाहिजे. मास्टारूंच्या नातवाला त्याच वर्षी इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता, आणि मुलाच्या झेरॉक्सच्या दुकानावर ती फी भागण्यासारखी नव्हती. मास्टारू मूळचे गुंटूर जिल्ह्यातले. १९७४ साली एका खासगी शाळेत शिकवायला ते हैदराबादेत आले आणि काचीगुड्याच्या आमच्या इमारतीत तेव्हापासून राहिले. त्यांचा मुलगा इथे जन्मला, नातूही इथेच जन्मला. त्यांनी मला विचारले, "अम्मा, तुमच्याकडे असेल का हो असा एखादा जुना कागद?"

माझ्याकडे असा कागद होता आणि त्यांच्याकडे नव्हता. मी घरात मराठी बोलणारी, ते तेलुगूचे शिक्षक. ज्या राज्याच्या मागणीला मी मनापासून पाठिंबा दिला होता, त्या राज्याच्या एका आदेशाने मला घरची ठरवले होते आणि त्यांना बाहेरचे. त्या संध्याकाळी मला जे वाटले ते इतक्या वर्षांनंतरही मनातून गेलेले नाही.

तो कागद म्हणजे माझ्या आजोबांचा मुलकी दाखला. तो उर्दूत आहे, त्यावर निजाम सरकारची मोहोर आहे, आणि त्याच्या पाठीवर बाबांनी पेन्सिलीने सगळ्या मजकुराचे मराठी भाषांतर लिहून ठेवले आहे, कारण पुढच्या पिढीला उर्दू वाचता येणार नाही हे त्यांनी वेळीच ओळखले होते. आजोबा सोलापूर जिल्ह्यातले, म्हणजे त्या काळच्या मुंबई इलाख्यातले. लहानपणी वडील गेल्यावर ते मामांकडे हैदराबादला आले, उर्दूत मॅट्रिक झाले आणि १९४० च्या सुमारास महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. त्या नोकरीसाठी हा दाखला लागला होता.

मुलकी म्हणजे या मुलखातला आणि गैरमुलकी म्हणजे बाहेरचा. हा वाद तेलंगणाच्या चळवळीपेक्षा पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून शिकून आलेल्या मंडळींना निजामाच्या दरबारी मोठमोठ्या जागा मिळू लागल्या, तेव्हापासून स्थानिकांची तक्रार सुरू झाली, आणि अखेर १९१९ मध्ये निजामाने फर्मान काढून सरकारी नोकऱ्या मुलकींसाठी राखल्या. बाहेरून आलेल्या माणसालाही मुलकी होण्याची वाट त्या फर्मानात ठेवलेली होती. त्याने पंधरा वर्षे सलग राज्यात राहिलेले असावे आणि आपल्या मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडला असल्याचे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे. आजोबा असे मुलकी झाले. सोलापुरातून आम्ही हैदराबादला आलो आणि तेलंगणातले पद्मशाली विणकर त्याच्या कितीतरी आधी माग घेऊन सोलापूरला गेले. आमच्या घरी सोलापुरी चादर आली की आजोबा म्हणत, "ही आपल्या गावची आहे आणि विणणारा इथला आहे."

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचे राज्य भारतात आले. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा काळ पाहिलेल्या आमच्या घरात त्या दिवसांची आठवण नेहमी सुटकेचा निःश्वास टाकूनच निघत असे. परंतु त्या सुटकेच्या पाठोपाठ एक नवी अडचण आली, आणि तेलंगणाचा प्रश्न समजून घ्यायचा तर ती नीट पाहावी लागते. हैदराबाद राज्यातली कचेरी उर्दूत चालत असे आणि १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमातून शिकवत असे. किनारी आंध्र मात्र मद्रास इलाख्यात होता. तिथे पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिक्षण रुजले होते, गोदावरी आणि कृष्णेच्या मुखाशी कालव्यांची सुपीक शेती होती, आणि त्या शेतीतून आलेला पैसा होता. राज्यकारभाराची भाषा बदलताच आजोबांसारखी माणसे एका रात्रीत अशिक्षित ठरली आणि इंग्रजी जाणणारे अधिकारी व शिक्षक मद्रासकडून येऊ लागले. १९५२ मध्ये वरंगळपासून सुरू झालेले "गैरमुलकी परत जा" आंदोलन हैदराबादेत पोहोचले आणि त्या सप्टेंबरात सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी विद्यार्थी मेले. आजोबा त्या दिवशी कचेरीतून पायी घरी आले होते. जे मेले ते मुलकी हक्कासाठी मेले आणि आपल्या पेटीत तो दाखला आहे, एवढेच ते रात्री म्हणाले, असे बाबा सांगत.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात मद्रासमध्ये पोट्टी श्रीरामुलूंनी आंध्र राज्यासाठी केलेल्या उपोषणात ५८ दिवसांनी प्राण सोडला आणि १९५३ च्या १ ऑक्टोबरला कर्नूल राजधानी असलेले आंध्र राज्य झाले. भाषेच्या आधारावर राज्य मिळू शकते हे त्या मरणाने सिद्ध केले; संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीलाही त्याने बळ मिळाले. पुढे न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या सप्टेंबरअखेर अहवाल दिला. तेलंगणाचे हैदराबाद राज्य तूर्त वेगळे ठेवावे, १९६१ च्या सुमारास होणाऱ्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोनतृतीयांश बहुमताने इच्छा दाखवली तरच ते आंध्रशी जोडावे, अशी त्या आयोगाची शिफारस होती. शिक्षणात पुढे असलेल्या किनारी भागाखाली आपण दडपले जाऊ, ही तेलंगणाची भीती आयोगाने नोंदवून ठेवली होती. त्याच अहवालात विदर्भाच्या वेगळ्या राज्याचीही शिफारस होती, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगावेसे वाटते. दोन्ही शिफारशी बाजूला राहिल्या.

शिफारशीऐवजी करार आला. २० फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत दोन्ही भागांच्या आठ पुढाऱ्यांनी एका कागदावर सह्या केल्या आणि तो "जंटलमेन्स ॲग्रीमेंट", म्हणजे सभ्य गृहस्थांचा करार, म्हणून ओळखला जाऊ लागला. तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणातच खर्च होईल, नोकऱ्या आणि शिक्षण यांत मुलकींना संरक्षण राहील, तेलंगणासाठी प्रादेशिक परिषद असेल, शेतजमिनीच्या खरेदीविक्रीवर तिची नजर राहील, मंत्रिमंडळात साठास चाळीस असे प्रमाण राखले जाईल, आणि मुख्यमंत्री एका भागाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा असेल. शिल्लक महसुलाचे कलम पोकळ नव्हते. आंध्रात मद्रासच्या काळापासून दारूबंदी होती, तेलंगणात ती नव्हती. अबकारीच्या उत्पन्नामुळे गरीब म्हटलेल्या तेलंगणाच्या तिजोरीत खरोखरच पैसा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेश अस्तित्वात आला. नीलम संजीव रेड्डी मुख्यमंत्री झाले आणि उपमुख्यमंत्र्याची जागा पहिल्याच दिवसापासून रिकामी राहिली. करार पहिल्या दिवशी मोडला जातो तेव्हा उरलेल्या कलमांचे भवितव्य वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच दिवशी मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादमधून निघून मुंबई राज्यात गेले. आजीचे माहेर नांदेडचे होते. कालपर्यंत एका राज्यात असलेले भाऊ दुसऱ्या राज्यात गेले. आजोबांच्या काही सहकाऱ्यांची नेमणूक मुंबई राज्याकडे झाली आणि आजोबा मात्र काचीगुड्यातच राहिले. पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळालेला दाखला त्यांनी खरा मानला होता. परत न जाण्याचा शब्द लिहून दिला होता, तर परत जायचे नाही, इतकाच त्यांचा विचार होता.

माझी स्वतःची पहिली आठवण १९६९ ची आहे. मी आठ वर्षांची होते. त्या वर्षी जानेवारीत खम्मम जिल्ह्यातील कोत्तागुडेम आणि पालवंचा परिसरातून, वीज केंद्रातल्या नोकऱ्यांच्या प्रश्नावरून असंतोष पेटला आणि उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी तो तेलंगणाभर नेला. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलकींना नोकऱ्यांत संरक्षण देणारा वास्तव्याचा कायदा रद्द ठरवला आणि आग आणखी भडकली. आमच्या शाळेला महिनोन्‌महिने कुलूप होते. खिडकीची फळी किंचित उघडून मी रस्त्यावरून धावणारी मुले पाहिली आहेत. त्यांतल्या काहींच्या हातात चपला होत्या, कारण अनवाणी जास्त वेगाने पळता येते. "जय तेलंगणा" हे शब्द मी त्या फटीतून पहिल्यांदा ऐकले. कोपऱ्यावरच्या आंध्र कुटुंबाच्या घरावर दगड पडले, आणि ते कुटुंब एका पहाटे टांग्यात सामान घालून स्टेशनकडे गेले, हेही मी त्याच फटीतून पाहिले. त्यांची मुलगी माझ्याबरोबर सागरगोटे खेळत असे. अन्यायाविरुद्ध उठलेल्या माणसांकडूनही अन्याय होतो, हे मला समजावून सांगण्याची कुणाला गरज पडली नाही.

त्या वर्षी किती माणसे मेली याबद्दल एकमत नाही. चळवळीतले लोक ३६९ हा आकडा सांगतात. सरकारी आकडा त्याहून फार लहान होता. विधानसभेसमोरच्या गन पार्कमध्ये शिल्पकार एक्का यादगिरी राव यांनी घडवलेला हुतात्मा स्तंभ आहे. मुंबईला हुतात्मा चौकात गेले की मला तो आठवतो, आणि गन पार्कात उभी राहिले की संयुक्त महाराष्ट्राचे १०६ हुतात्मे आठवतात. एका ठिकाणी माणसे एक भाषा बोलणाऱ्यांना एकत्र आणण्यासाठी मेली, दुसऱ्या ठिकाणी एक भाषा बोलणाऱ्यांपासून वेगळे होण्यासाठी. मी दोन्ही ठिकाणी हात जोडते आणि त्यात मला विसंगती वाटत नाही.

१९६९ च्या आंदोलनाचे नेतृत्व पुढे तेलंगणा प्रजा समितीकडे आणि मर्री चेन्ना रेड्डी यांच्याकडे गेले. १९५६ च्या त्या करारावर सह्या करणाऱ्या आठांपैकी ते एक होते, म्हणजे मोडलेल्या शब्दाचा त्यांच्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा नव्हता. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांच्या पक्षाने तेलंगणातील चौदापैकी दहा जागा जिंकल्या आणि काही महिन्यांतच तो पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. ती बातमी आली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मग पी. व्ही. नरसिंह राव मुख्यमंत्री झाले. करीमनगरकडचे, उस्मानियात वंदे मातरम्‌च्या आंदोलनामुळे शिक्षण तुटल्यावर नागपूरला जाऊन पदवी मिळवलेले आणि सुरेख मराठी बोलणारे नरसिंह राव आमच्या घरी आपलेच वाटत. १९७२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने निजामाच्या वेळचे मूळ मुलकी नियम वैध ठरवले, तेव्हा आंध्रात उलटा वणवा पेटला. आपल्याच राज्याच्या राजधानीत आपण गैरमुलकी राहणार असू तर आम्हालाच वेगळे करा, असे "जय आंध्र" आंदोलन म्हणू लागले. नरसिंह रावांचे मुख्यमंत्रिपद त्यात गेले आणि राष्ट्रपती राजवट आली. तीन वर्षांच्या अंतराने दोन्ही घरांनी वाटणी मागितली होती आणि दिल्लीने दोघांनाही नकार दिला. त्यानंतर तडजोडीचे सहाकलमी सूत्र आले, नोकऱ्या आणि शिक्षण यांत राज्याच्या सगळ्या भागांना न्याय्य संधी देण्यासाठी घटनेत ३७१-ड हे कलम आले, मुलकी नियम इतिहासजमा झाले. नियम डावलून तेलंगणाच्या जागांवर नेमलेल्यांना परत पाठवण्याचा ६१० क्रमांकाचा शासन आदेश १९८५ च्या डिसेंबरात निघाला, आणि पुढे वीस वर्षांनीही त्याच्या अंमलबजावणीच्या मागणीसाठी मोर्चे निघत होते. एक करार मोडला की त्याच्या जागी दुसरा येतो, तो पहिल्यापेक्षा जास्त लांब आणि जास्त कायदेशीर असतो, आणि माणसांचा विश्वास मात्र प्रत्येक वेळी थोडा कमी होतो.

नव्वदच्या दशकात बँकेच्या नोकरीत माझी बदली महबूबनगर जिल्ह्यात झाली आणि तिथे मला या प्रश्नाचे पुस्तकाबाहेरचे रूप दिसले. महबूबनगरचे जुने नाव पालमूर. कृष्णा नदी जिथून तेलंगणात शिरते तो हा जिल्हा, आणि पोटासाठी देशभर बांधकामांवर जाणाऱ्या मजुरांना लोक "पालमूर लेबर" म्हणत, तेही याच जिल्ह्यामुळे. दिवाळीनंतर गावेच्या गावे रिकामी होत. मुंबईला जाणाऱ्या बसच्या टपावर भांडी, गोधड्या आणि कुदळी बांधलेल्या असत. मुंबईतला कामाठीपुराही निजामाच्या मुलखातून गेलेल्या अशाच कामाठी मजुरांच्या नावाने वसलेला आहे, म्हणजे ही वाट किती जुनी आहे ते समजावे. कर्जाच्या अर्जावर अंगठा उठवताना एका म्हाताऱ्याने मला नदीकडे हात करून सांगितले होते, "ती इथून जाते, थांबत नाही." आपल्याकडे अशा गावांसाठी "धरण उशाला आणि कोरड घशाला" म्हणतात. नागार्जुनसागरच्या जलाशयाला लागून असलेल्या नलगोंडा जिल्ह्यात माणसे वर्षानुवर्षे फ्लोराइडचे पाणी पिऊन हाडांनी वाकत होती. नदी खाली आणि शेत वर, म्हणून पाणी उपसल्याशिवाय मिळत नाही, हे तेलंगणाच्या भूगोलाचे दुखणे खरे आहे. परंतु काकतीयांच्या काळापासूनचे तलाव गाळाने भरू द्यायचे आणि शेतकऱ्याला बोअरच्या भरवशावर सोडायचे, हा निर्णय भूगोलाचा नव्हता. एकसंध राज्याच्या वाट्याला आलेल्या कृष्णेच्या ८११ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यापैकी राज्य तुटल्यावर तेलंगणाच्या नावावर निघाले ते २९९, आणि तेलंगणाचे म्हणणे असे की या दोन राज्यांतले कृष्णेचे दोनतृतीयांशाहून अधिक पाणलोट क्षेत्र आमच्याकडे आहे. "नीळ्ळू, निधुलू, नियामकालु", म्हणजे पाणी, निधी आणि नेमणुका, ही घोषणा ज्यांनी घडवली त्यांनी साठ वर्षांचा हिशेब तीन शब्दांत मांडला होता.

पण पाण्याचा आणि पैशाचा हिशेब एवढ्यानेच माणसे रस्त्यावर येत नाहीत. बोलीचा अपमान त्याहून खोल जातो. "कसे आहात" हे किनाऱ्याकडचा माणूस "एला उन्नारु" असे विचारील आणि तेलंगणातला "एट्लुन्नरु" असे विचारील. दोन्ही तेलुगूच. परंतु पाठ्यपुस्तकात, आकाशवाणीवर आणि वर्तमानपत्रात पहिलीच भाषा शुद्ध ठरली, आणि तेलुगू चित्रपटांत दुसरी भाषा गुंडाच्या किंवा विदूषकाच्या तोंडी घातली गेली. उर्दूची छाया असलेली ती बोली बोलणारी माझी मैत्रीण वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. तिच्याविषयी लिहिताना मला आमच्या मराठीतली वऱ्हाडी आठवते, जिचा उपयोग पुण्या-मुंबईच्या रंगभूमीने आणि सिनेमाने किती वेळा केवळ हशा मिळवण्यासाठी केला आहे. त्या हशात मीही सामील झाले आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

२००१ च्या एप्रिलमध्ये के. चंद्रशेखर राव यांनी तेलंगणा राष्ट्र समिती स्थापन केली, त्याच्या काही महिने आधी छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही राज्ये झाली होती. त्यामुळे मागणीला पुन्हा धुगधुगी आली. तिच्यामागे प्राध्यापक कोत्तपल्ली जयशंकर यांच्यासारख्यांचा अनेक दशकांचा अभ्यास होता. राज्य झालेले पाहण्याआधीच, २०११ च्या जूनमध्ये, ते गेले. नंतरच्या चळवळीचे रूप १९६९ पेक्षा वेगळे होते. गावोगावी धूमधाम नावाचे गाण्यांचे मेळे होत आणि लोकगायक गद्दर यांचा आवाज ऐकायला माणसे रात्रभर बसत. बायका रस्त्यावर बतुकम्मा मांडत. दसऱ्याच्या आधीचे नऊ दिवस तरवडाच्या पिवळ्या फुलांचे थर रचून त्याभोवती फेर धरायचा हा सण भोंडल्याच्या इतका जवळचा आहे की पहिल्यांदा पाहताना आमच्या नांदेडच्या मामींनी आपोआप टाळ्यांचा ठेका धरला होता. पूर्वी शहरातल्या बायका बतुकम्मा खेळायला संकोचत, खेडवळ समजले जाईल म्हणून. २०१० च्या दसऱ्याला आमच्याच रस्त्यावर दोनशे बायका होत्या.

२९ नोव्हेंबर २००९ रोजी चंद्रशेखर रावांनी आमरण उपोषण सुरू केले, त्यांना अटक झाली, विद्यापीठ पेटले, आणि ९ डिसेंबरच्या रात्री गृहमंत्री चिदंबरम यांनी राज्यनिर्मितीची प्रक्रिया सुरू होत असल्याचे जाहीर केले. दोनच आठवड्यांत, २३ डिसेंबरला, दुसरे निवेदन आले आणि दिलेला शब्द लांबणीवर पडला. त्या चौदा दिवसांच्या आधी आणि नंतर तेलंगणात जे तरुण गेले त्यांच्याविषयी लिहिणे मला कठीण जाते. श्रीकांताचारी या मुलाने उपोषणाच्या पहिल्याच दिवशी स्वतःला पेटवून घेतले आणि ३ डिसेंबरला तो गेला. त्याच्यामागून अनेक गेले. त्यांची नावे मोर्च्यांच्या फलकांवर चढत गेली, आणि बलिदान हा शब्द इतका मोठ्याने उच्चारला गेला की "पोरांनो, घरी जा, राज्य तुमच्या जिवाहून मोठे नाही" हे सांगणारा आवाज ऐकूच आला नाही. मी या राज्याच्या बाजूची होते आणि आहे. तरीही ते सांगायला हवे होते आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी पुरेसे सांगितले नाही, असे मला आजही वाटते.

मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१० च्या अखेरीस राज्याच्या भवितव्याचे सहा पर्याय ठेवले. २०११ च्या सप्टेंबरात सुरू झालेला सकल जनुल सम्मे, म्हणजे सर्व लोकांचा संप, ४२ दिवस चालला. सिंगरेणीच्या कोळसा खाणी थांबल्या, बसगाड्या थांबल्या, शाळा थांबल्या. अखेर १८ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत विधेयक मंजूर झाले. त्याच्या पाच दिवस आधी सभागृहात मिरपूड फवारली गेली होती, आणि मंजुरीच्या वेळी दूरचित्रवाणीवरचे थेट प्रक्षेपण बंद होते. काळ्या पडद्यासमोर आम्ही बसलो होतो. २ जूनला दहा जिल्ह्यांचे तेलंगणा देशाचे एकोणतिसावे राज्य झाले, हैदराबाद दहा वर्षांसाठी दोघांची राजधानी राहिली, आणि ज्या शहरात आंध्रातल्या माणसांनी तीन पिढ्यांची कमाई ओतली होती ते शहर त्यांच्या नकाशातून गेले. राज्य होणे न्यायाचे होते. ज्या रीतीने ते झाले, तिच्यात दुसऱ्या घराचे दुःख ऐकून घेण्याइतका वेळही कुणी काढला नाही.

त्या दिवसांत पुण्याहून माझ्या चुलतभावाचा फोन आला होता. एक भाषा बोलणाऱ्यांची दोन राज्ये कशाला, महाराष्ट्र बघ कसा एक राहिला, असे तो म्हणाला. मी त्याला विदर्भाला महाराष्ट्रात आणताना झालेल्या नागपूर कराराची आठवण दिली. २८ सप्टेंबर १९५३ चा तो करार दिल्लीतल्या कराराहून अडीच वर्षांनी थोरला आहे आणि त्याची भाषाही तशीच आहे: निधीचा वाटा, नोकऱ्यांतला वाटा, शिक्षणातला वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपूरला. अधिवेशन बहुतेक हिवाळ्यांत होते. वाट्यांचा हिशेब मात्र १९८४ मध्ये प्राध्यापक वि. म. दांडेकरांच्या समितीला अनुशेष म्हणून मांडावा लागला, १९९४ मध्ये त्यासाठी वैधानिक विकास मंडळे आली, आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. मराठवाडा बिनशर्त आला, असे नांदेडची मंडळी आजही अभिमानाने सांगतात, आणि त्यांच्याच धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांनी तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या सवलती पाहून आम्हाला तिकडे घ्या अशी मागणी केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ज्या बाभळी बंधाऱ्यावरून २०१० मध्ये आंध्र प्रदेशचे माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांना धर्माबादेत अटक झाली होती, तो बंधारा त्याच तालुक्यातला. विदर्भ वेगळा व्हावा की नाही, हे तिथल्या लोकांनी ठरवावे. मी हैदराबादेत बसून ते सांगणार नाही. परंतु भाषा एक आहे एवढ्यावर माणसे एकत्र राहतात, ही समजूत मी माझ्या शहरात मोडताना पाहिली आहे. माणसे दिलेल्या शब्दावर राहतात. भाऊ फोनवर बराच वेळ गप्प होता.

फीच्या त्या योजनेला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि पुढच्या वर्षी सरकारने ती मागे घेतली. परंतु त्या ऑगस्टमध्ये ते आम्हाला माहीत नव्हते. १९ तारखेला साऱ्या राज्यात एकाच दिवसात घरोघरची पाहणी व्हायची होती, त्यासाठी माणसे परगावाहून घरी परतत होती, आणि आंध्रातून आलेल्या कुटुंबांत, आपली नोंद कशासाठी होते आहे, अशी कुजबुज होती. मास्टारूंनी दाखला हातात घेतला, उर्दू अक्षरे लागेनात म्हणून परत माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "यात काय लिहिले आहे ते वाचा तरी." मी कागद उलटा केला आणि बाबांच्या पेन्सिलीतले मराठी वाचत वाचत तेलुगूत सांगू लागले. सदर इसम पंधरा वर्षांहून अधिक काळ या मुलखात सलग राहत आहे. मूळ गावी परत जाण्याचा विचार त्याने कायमचा सोडला आहे.

मास्टारूंनी चष्मा काढून पुसला. "पंधरा वर्षे पुरत होती?" त्यांनी विचारले. मी हो म्हटले. "मला चाळीस झाली," ते म्हणाले. "आणि ती दुसरी ओळ मी आत्ता इथे बसून लिहून देतो. घेणारे कुणी आहे का, तेवढे सांगा."